पीएफचा मिस्ड कॉल: ठेक्यावर काम करणाऱ्या बायकांसाठी कितपत कामाचा?

मुंबईत बीकेसीतल्या एका काचेच्या इमारतीत मी हाउसकीपिंगची सुपरवायझर आहे. माझ्या हाताखालच्या बायका कुर्ला, गोवंडी, मानखुर्दहून येतात. पगाराच्या पावतीवर दर महिन्याला पीएफचा आकडा कापलेला दिसतो आणि नवीन आलेल्या बाईला वाटतं की ते पैसे गेले. ते गेलेले नाहीत, तिच्याच नावावर साठतायत, हे तिला तिच्याच फोनवर दाखवता येतं. म्हणून ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, मिस्ड कॉल सेवेबद्दल लिहिते आहे.

सेवा फुकट आहे. यूएएनला (नोकरी बदलली तरी तोच राहणारा आपला पीएफचा नंबर) जोडलेल्या मोबाइलवरून 9966044425 वर फोन लावायचा. दोन रिंगनंतर तो आपोआप कट होतो आणि मेसेज येतो: शेवटची जमा किती, शिल्लक किती. नेट नको, पासवर्ड नको, साधा बटणांचा फोन असला तरी चालतं. मराठीत माहिती हवी असेल तर एसएमएस करायचा: इंग्रजी अक्षरांत EPFOHO, जागा सोडून UAN, पुन्हा जागा सोडून MAR, आणि पाठवायचा 7738299899 वर. मी सगळ्यांना मराठीचाच करायला लावते. मेसेज बाईने स्वतः वाचायला हवा, मुलाकडून वाचून घ्यायला लागू नये.

अडतं ते त्याच्या आधी. यूएएन चालू केलेला हवा आणि त्याला आधार, पॅन किंवा बँक खातं जोडलेलं हवं. आमच्या बायकांचं घोडं इथेच अडतं. आधारवर सासरचं नाव, पीएफवर माहेरचं. जन्मतारखेत फरक. भरतीच्या वेळी दिलेला नंबर नवऱ्याचा, आणि ते सिमकार्ड कधीच बंद पडलेलं. ही दुरुस्ती कामावर असतानाच करून घ्यावी, कारण बऱ्याच वेळा त्याला मालकाची मंजुरी लागते आणि ठेका संपल्यावर ठेकेदाराचा माणूस फोनसुद्धा उचलत नाही. दर महिन्याच्या 27 तारखेला ईपीएफओचं ‘निधी आपके निकट’ शिबिर असतं, जिल्ह्याजिल्ह्यात. कागद घेऊन तिथे जावं. पैसे घेऊन काम करून देणाऱ्या एजंटकडे जाऊ नये, आपला ओटीपी तर कोणालाच सांगू नये.

आता हा मेसेज एवढा मोलाचा का, ते सांगते. आधीच्या ठेकेदाराच्या वेळी आमच्यातली एक मावशी म्हणाली, "ताई, माझा मेसेज जुनाच येतोय." पाहिलं तर शेवटची जमा काही महिन्यांपूर्वीची. पगारातून मात्र कटिंग दर महिन्याला चालू. दुसऱ्या बायकांनीही फोन लावले, सगळ्यांचं तेच. मग ईपीएफओच्या वेबसाइटवर आस्थापना शोधायची सोय आहे तिथे ठेकेदाराचं नाव टाकलं. कोणत्या महिन्याचे पैसे कधी भरले, किती कामगारांचे भरले, हे तिथे कोणालाही दिसतं, लॉगिन लागत नाही. आमचे महिने त्यात नव्हतेच. ते पान छापून मी इमारतीच्या ॲडमिन सरांकडे नेलं. ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे ठेका देणाऱ्यावर, येते, कायदाच तसा आहे, आणि सरांना तो चांगला ठाऊक होता. त्यांनी ठेकेदाराचं बिल थांबवलं. पैसे भरले गेले. बायकांनी आरडाओरड केली असती तर कोणी ऐकलं नसतं. मेसेज आणि छापील पान पुढे ठेवल्यावर ऐकावं लागलं.

आकडाही समजून घ्या. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000 असेल तर आपले 12 टक्के म्हणजे 1,800 कापले जातात. मालकही तेवढेच भरतो, त्यातले 1,250 पेन्शनकडे जातात आणि 550 आपल्या पीएफमध्ये. मालकाचा हिस्सा आपल्या पगारातून कापणं बेकायदेशीर आहे, तरी काही ठिकाणी कापतात, पावती नीट वाचा. 2024-25 साठी व्याज 8.25 टक्के होतं. शिवाय नोकरीत असताना बाईचं काही बरंवाईट झालं तर वारसाला 7 लाखांपर्यंत विम्याची रक्कम मिळू शकते, त्यासाठी आपला एक रुपया कापत नाहीत. वारसाचं नाव मात्र ऑनलाइन भरून ठेवा.

आता उणीव. पेन्शनसाठी किती वर्षं भरली, हे या मेसेजवरून कळत नाही. दहा वर्षं झाल्याशिवाय महिन्याचं पेन्शन नाही, आणि आमच्याकडे ठेका बदलला की नवा मेंबर आयडी, म्हणजे त्या नोकरीचा वेगळा पीएफ खाते नंबर, पडतो. यूएएन तोच असला तरी जुन्या आयडीतली रक्कम आणि नोकरीची वर्षं नव्यात आली का, ते पासबुक आणि सर्व्हिस हिस्टरी उघडूनच बघावं लागतं. दुसरी उणीव मला जास्त लागते. पैसे भरले की आपणहून मेसेज येतो, भरले नाहीत तर आपणहून काहीच येत नाही. खरी गरज त्याच मेसेजची आहे. महिना चुकला की त्या बाईला आणि मूळ मालकाला, दोघांना कळवलं पाहिजे.

आणि ज्यांना हा नंबर लावताच येत नाही त्यांचं काय? माझी धाकटी बहीण मुलुंडला चार घरी स्वयंपाक करते. तिला पीएफ नाही. दादरच्या ज्या दुकानात दहा-बारा माणसं आहेत त्यांनाही बहुतेक नसतो, कारण कायद्याची सक्ती 20 कामगारांपासून पुढे. बहिणीला मी अटल पेन्शन ही सरकारी योजना काढून दिली, पण ते सगळं तिच्याच खिशातून जातं. वर्षानुवर्षं तिच्या हातचं जेवणाऱ्या चारही घरांतून तिच्या म्हातारपणासाठी काही जमा होत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

सेवेला मी पाचपैकी चार देईन. लावायचा कधी, तेही सांगते. मागच्या महिन्याचे पैसे मालकाने 15 तारखेपर्यंत भरायचे असतात, नोंद व्हायला आणखी थोडे दिवस धरा. आमच्या साइटवर 20 तारखेनंतर जेवणाच्या सुट्टीत सगळ्या जणी फोन लावतात, आणि जिचा महिना दिसत नाही तिचं नाव मी त्याच दिवशी ॲडमिनला लेखी देते, पोच घेऊन.