जुना बेस गिटार घेताना: स्क्रूने जोडलेली नेक की आरपार नेक?

जुने बेस घेऊन, दुरुस्त करून पुढे विकण्याचा छंद असणाऱ्याने रंगाच्या चकाकीपेक्षा नेक (तारा जिच्यावर दाबतात ती लांब दांडी) बॉडीला कशी जोडली आहे, हे आधी पाहावे. १९५१ साली आलेल्या फेंडर प्रिसिजन बेसमध्ये नेक स्क्रूंनी बसवलेली असते. १९५७ च्या रिकेनबॅकर ४००० मध्ये मात्र नेकचेच लाकूड बॉडीच्या मधून शेवटपर्यंत जाते.

पहिल्या प्रकारात दुरुस्तीला मोठा वाव आहे. ब्रिजवरचे (तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या भागावरचे) सॅडल, म्हणजे तारांखालचे छोटे आधार, पूर्ण खाली करूनही तारा उंचच राहत असतील, तर नेक सोडवून ती ज्या खाचेत बसते तिच्या ब्रिजकडील टोकाला पातळ पट्टी ठेवावी. नेक किंचित मागे झुकते आणि तारा खाली येतात. नेक पिळवटलीच असेल, तर त्याच मापाची दुसरी बसवता येते. मात्र याच सोयीमुळे एका बेसची नेक दुसऱ्याच बॉडीवर चढवून ‘मूळ’ म्हणून विकण्याचे प्रकारही होतात, त्यामुळे नेकच्या टाचेवरचा (बॉडीत बसणाऱ्या टोकावरचा) शिक्का किंवा तारीख पाहिल्याशिवाय किमतीचे बोलू नये. (विकणारा स्क्रू काढू देण्यास कां-कू करत असेल, तर तेवढे उत्तर पुरे.)

आरपार नेकमध्ये वरच्या, म्हणजे बॉडीजवळच्या, फ्रेटपर्यंत (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपर्यंत) हात सहज पोहोचतो आणि सांधा सैल होण्याचा प्रश्नच नसतो. पण नेक पिळवटली, तर ती बदलता येत नाही आणि दुरुस्तीचा खर्च खरेदीच्या किमतीलाही मागे टाकू शकतो. नवशिक्याने म्हणूनच पहिला प्रकार निवडावा. दुसरा घ्यायचाच असेल, तर तारा सुरात लावलेल्या असताना हेडस्टॉककडून (खुंट्या असलेल्या टोकाकडून) एक डोळा मिटून नेकची रेषा तपासावी आणि ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या, तिचा बाक जुळवणाऱ्या धातूच्या दांड्याचा) नट फिरतो का, हेही पाहावे.