९४ वर अडलेला आकडा आणि तपकीर गल्लीतला लॅन टेस्टर

ज्यांच्या घरात भिंतीतून लॅन वायर (राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत नेट नेणारी वायर) नेलेली आहे, त्यांनी ती वायर तपासणारा हा टेस्टर घ्यावाच. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मला तो तीनशे रुपयांच्या आत मिळाला. डब्यावर कंपनीचं नावसुद्धा नाही. पण जो घोळ कस्टमर केअरला फोनवरून सुटत नव्हता, तो याने सोडवला.

मी लग्नाचे अल्बम डिझाइन करते. एकेका अल्बमच्या फाइली काही जीबींच्या असतात आणि त्या वेळेत प्रेसला जायला लागतात. घरचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा. मोबाइलवर वायफायने स्पीड टेस्ट केली की २७०-२८० यायचे, आणि वायरने जोडलेल्या कॉम्प्युटरवर ९४. वायर वायफायच्या मागे पडते हेच मुळात पटेना. पिंग करून, म्हणजे राउटरला छोटे संदेश पाठवून बघावं, तर त्याच्याकडून एका मिलिसेकंदाच्या आत उत्तर, एकही संदेश गहाळ नाही. तक्रार केली की ठरलेलं उत्तर: "मॅडम, कॉम्प्युटर जुना झालाय, फॉरमॅट मारून घ्या."

मला खटकत होतं ते आकड्याचं एकाच जागी ठाण मांडणं. सकाळी ९४, रात्री ९४, टेस्टचा सर्व्हर बदलला तरी ९४. लाइनवर गर्दी असेल तर आकडा वर-खाली होतो, असा चिकटून बसत नाही. आणि ९४ च का, याचा हिशेब पक्का आहे. इथरनेटवर, म्हणजे वायरीच्या नेटवर्कवर, डेटा फ्रेम नावाच्या तुकड्यांतून जातो. एक भरलेली फ्रेम पाठवायला पत्त्याची माहिती (हेडर), चूक पकडायचे आकडे (चेकसम) आणि दोन फ्रेममधली मोकळी जागा वगैरे धरून १५३८ बाइट खर्ची पडतात. त्यात आपला डेटा असतो १४६० किंवा १४४८ बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लिंकवर हातात पडतात ९४ ते ९५. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटखाली लिंक स्पीड पाहिला, तर खरोखरच १००/१००. मग सीपीयू उचलून हॉलमध्ये नेला आणि राउटरसोबत आलेली छोटी वायर लावली. लगेच १०००/१०००. कॉम्प्युटरही निर्दोष, राउटरही निर्दोष. राहिली भिंतीतली वायर.

वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० च्या लिंकला त्यातल्या १, २, ३ आणि ६ एवढ्याच पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० च्या लिंकला, मात्र आठही लागतात. बाकीच्यांपैकी एखादी जोडी तुटली तर नेट बंद पडत नाही. बरीच नेटवर्क कार्डं गिगाबिट जमत नाही म्हटल्यावर गुपचूप १०० वर उतरतात. स्क्रीनवर सूचना नाही, काही नाही. म्हणून तर असा दोष वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

टेस्टरचे दोन तुकडे सुटे होतात. मोठा तुकडा वायरीच्या एका टोकाला लावायचा, छोटा दुसऱ्या टोकाला, की एकामागून एक दिवे लागत जातात. मी आतल्या खोलीत, मुलगा हॉलमध्ये छोट्या तुकड्यापाशी. तो ओरडून सांगत होता, "आई, सहापर्यंत लागतात. सात नाही, आठ नाही!" सात-आठ म्हणजे तपकिरी जोडी. सोसायटीच्या वायरमनदादांनी आतल्या टोकाचा कनेक्टर कापला, तर ती जोडी कनेक्टरच्या तोंडाशीच तुटलेली. त्यांनी नवा कनेक्टर क्रिम्प केला, म्हणजे पकडीने दाबून बसवला, आठही दिवे लागले, आणि कॉम्प्युटरवर २८० च्या वर आकडा आला. त्या रात्री अल्बमची फाइल जाताना बघून मला फार बरं वाटलं.

आता उणिवा. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी वेगळी घ्यावी लागते. दिवे मंद आहेत, दुपारच्या उजेडात हात आडवा धरावा लागतो. तार तुटली आहे एवढंच कळतं; कुठल्या टोकाला, किती फुटांवर, ते कळत नाही. मोठी उणीव वेगळीच आहे: आठही दिवे ओळीने लागले म्हणजे वायर चांगलीच, असं नाही. जोड्यांचे रंग चुकवून दोन्ही टोकं सारखीच क्रिम्प केली असतील, तरी हा सगळं ठीक दाखवतो, कारण तो फक्त तार अखंड आहे का ते बघतो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायरही यातून पास होते. त्यामुळे नवा कनेक्टर बसवून घेताना रंगांचा क्रम स्वतः बघा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

आणि चालू राउटर किंवा नेटवर्क स्विचच्या (बऱ्याच लॅन वायरी एकत्र जोडणाऱ्या डब्याच्या) पोर्टला हा कधीही लावू नका. कॅमेऱ्यांसाठी वायरीतूनच वीज देणारा स्विच असेल तर टेस्टर जळू शकतो. आधी वायरीची दोन्ही टोकं मोकळी करायची, मगच तपासायचं. दुकानातून घेताना तिथलीच एखादी वायर लावून आठही दिवे पेटतात का, ते काउंटरवरच बघून घ्या.