हायरेन्स बूटसीडी पीई : विंडोज न मारता पासवर्ड काढला

संगणकाचा पासवर्ड गेला की आमच्या कराडात एकच औषध सांगतात, "विंडोज मारून घ्या," म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाका. दुकानात मशीन ठेवायचा अवकाश, समोरचा फॉरमॅटच्या गोष्टी करायला लागतो. आम्हा डीटीपीवाल्यांना ते परवडत नाही. माझ्या प्रेसमधल्या जुन्या मशीनवर पेजमेकर आहे, श्रीलिपी आहे, कुठून कुठून जमवलेले फॉन्ट आहेत आणि लग्नपत्रिकांच्या वर्षानुवर्षांच्या फायली आहेत. "मागच्या वेळी थोरलीची छापली होती तशीच करा" म्हणत येणारी गिऱ्हाइकं त्याच फायलींवर सांभाळलेली. हे सगळं पुन्हा बसवायचं म्हणजे ऐन लग्नसराईत दुकान बंद ठेवल्यासारखंच.

आमचा ऑपरेटर मस्कतला नोकरीला गेला आणि त्याने ठेवलेला पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. फोन लावला तर म्हणतो, "ताई, खरंच आठवंना ओ." विंडोज १० मध्ये २०१८ पासून एक सोय आहे. लोकल अकाउंटला, म्हणजे त्या मशीनपुरत्याच खात्याला, पासवर्ड ठेवताना तीन प्रश्नांची उत्तरं भरून घेतात आणि पुढे पासवर्ड चुकला की त्याच खिडकीत 'रीसेट पासवर्ड' दिसतं. पहिला प्रश्न आला पहिल्या पाळीव प्राण्याच्या नावाचा. त्याच्या घरी म्हशींचा गोठा. पहिली कुठली, हे त्याने आईला विचारून सांगितलं, तरी जमलं नाही. तेव्हा भाच्याने हायरेन्सचं नाव काढलं.

हायरेन्स बूटसीडी पीई म्हणजे अडलेलं मशीन बाहेरून सुरू करून दुरुस्त करायच्या प्रोग्रॅमांचा संच, तो फुकट मिळतो. नाव सीडीचं असलं तरी आता पेनड्राइव्हवरच टाकतात. दुसऱ्या संगणकावर त्याची आयएसओ फाइल (अख्ख्या सीडीची एकच फाइल) उतरवायची, रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर चढवायची आणि बंद मशीन त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचं. मशीन कशावरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या बूट मेनूसाठी माझ्याकडे एफ१२ दाबावं लागतं, तुमच्याकडे वेगळं बटण असेल. फाइल मात्र हायरेन्सबूटसीडी डॉट ऑर्गवरूनच घ्या. त्याच नावाने भलतंच काही गळ्यात मारणाऱ्या साइट्स पुष्कळ आहेत. शिवाय कुणी जुनी १५.२ ची सीडी पुढे केली तर ती २०१२ मधली आहे, तिच्या नादी लागू नका.

सुरू झाल्यावर समोर चक्क विंडोजचाच डेस्कटॉप येतो, स्टार्ट मेनूसकट. तुमच्या हार्डडिस्कवरचं मूळ विंडोज तेव्हा झोपलेलंच असतं. मला सगळ्यात आवडलं ते हे, की पासवर्डला हात लावायच्या आधीच सगळे फोल्डर उघडतात. पत्रिकांच्या फायली मी आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घेतल्या. तुम्हीही तेच करा, पासवर्ड नंतर बघता येईल.

मग स्टार्ट मेनूत सिक्युरिटी, त्यात पासवर्ड्स, त्यात 'एनटी पासवर्ड एडिट'. ही एवढीशी खिडकी आहे. विंडोज पासवर्डचा हिशेब सिस्टम३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरात 'सॅम' नावाच्या फाइलमध्ये ठेवतं, तिचा पत्ता वरच्या चौकटीत द्यायचा. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, म्हणून सी म्हणजे आपलाच सी ना, एवढं बघून घ्या. ओपन केलं की युजरची यादी येते. आपलं नाव निवडून 'चेंज पासवर्ड', दोन्ही चौकटी रिकाम्या ठेवून ओके, आणि 'सेव्ह चेंजेस'. पेनड्राइव्ह काढून मशीन पुन्हा चालू केलं तर पासवर्ड न विचारता आत. पेजमेकर, फॉन्ट, सगळं जागच्या जागी.

पाचपैकी चार तारे. एक कापला, कारण या रीसेटने काय जातं ते ही खिडकी सांगत नाही. विंडोजमधूनच एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करून ठेवलेल्या फायली असतील तर त्या असा पासवर्ड उडवल्यावर उघडत नाहीत. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्डही त्याच किल्लीने बांधलेले असतात. आमचे कागदवाल्याच्या आणि कुरिअरच्या साइटचे पासवर्ड तसेच गेले. ते नवीन करून घेता आले, पण सगळ्यांचंच तेवढ्यावर भागेल असं नाही.

आणि हे औषध फक्त लोकल अकाउंटला लागू पडतं. लेकीच्या नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं अकाउंट आहे. त्याचा पासवर्ड मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच बदलावा लागतो, तिथे सॅम फाइलशी खेळून उपयोग नाही. वर डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्याच कुलपाने, बंद. मुद्दाम हाच पेनड्राइव्ह लावून बघितला तर सी ड्राइव्हवर कुलूप, आत जायला ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती तिच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली सापडली. आता छापून कपाटात ठेवली आहे, कारण अकाउंटच उघडेना झालं तर आत ठेवलेली की कोण काढणार?

लेकीचा लॅपटॉप बघितल्यावर माझ्या मशीनचा पासवर्ड म्हणजे दाराची नुसती कडी आहे हे कळलं. पेनड्राइव्ह घेऊन येईल त्याला ती काढता येते. गिऱ्हाइकांचे आधार कार्ड, मार्कशीट स्कॅन होऊन याच मशीनमध्ये पडतात. म्हणून भाच्याकडून बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्रॅमला, पासवर्ड घालून घेतला आणि पेनड्राइव्हवरून बूट होणं बंद करवलं. मशीन उघडून डिस्कच काढून नेली तर यानेही काही होणार नाही, ते माहीत आहे. म्हणून स्कॅन केलेली कागदपत्रं आता प्रिंट दिली की त्याच दिवशी उडवते. पेनड्राइव्ह गल्ल्यात असतो. शेजारच्या सायबर कॅफेवाल्याने दोनदा मागितला, एका गिऱ्हाइकाचा लॅपटॉप उघडायचा म्हणून. म्हटलं, गिऱ्हाइकाला लॅपटॉपचं बिल घेऊन इकडे पाठव, त्याच्यासमोर उघडून देते.