शोधप्रकल्पाची सुरुवात कुठून? वाचनालय, शोधगंगा आणि एआय

"सर, विषय ठरला. आता सुरुवात कुठून करू?" एम.ए.ची मुलं हे विचारतात, तेव्हा त्यांना खरं विचारायचं असतं ते असं, की नाशिकच्या टिळकपथावरच्या सार्वजनिक वाचनालयात खेटे घालायची गरज आहे का, की सगळं मोबाईलवरच होईल? मी इतिहास शिकवतो, त्यामुळे माझं माप कपाटांकडे थोडं झुकतं. पण दोन्ही वाटांनी मी चाललो आहे, म्हणून दोन्ही शेजारी ठेवतो.

विषय वैद्यकीय, नर्सिंग, रसायन किंवा संगणकशास्त्राचा असेल तर घुटमळू नका, ऑनलाइनच सुरू करा. एके काळी वैद्यकीय लेख हुडकायचा म्हणजे इंडेक्स मेडिकस या छापील लेखसूचीचे जाडजूड खंड चाळावे लागत. १९९७ मध्ये पबमेड ही वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची सर्वांना मोफत झाली आणि २००४ च्या अखेरीस तो छापील इंडेक्सच बंद पडला. या शाखांमध्ये ताजा लेख कपाटात यायच्या आधी पडद्यावर येतो. इथे तुलना करण्यासारखं फार उरलेलं नाही.

अडसर असतो तो पैशाचा. सारांश फुकट दिसतो, पूर्ण लेख उघडायला गेलं की प्रकाशक डॉलर मागतो. २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी उच्च शिक्षण संस्थांना खुली झाली आहेत. तीन वर्षांसाठी ६,००० कोटींची तरतूद आहे. तुमचं कॉलेज त्यात बसतं का, हे आधी आपल्या ग्रंथपालांना विचारा. विनाअनुदानित कॉलेजात असाल तर गृहीत धरू नका. गूगल स्कॉलरवर निकालाच्या उजव्या बाजूला मोफत पीडीएफ आहे का ते बघा, नसेल तर थेट लेखकाला मेल करा. बरेच जण आनंदानं प्रत पाठवतात.

प्रबंधांच्या बाबतीतही ऑनलाइनचं पारडं जड आहे. पूर्वी एक प्रबंध बघायचा तर एसटीनं पुणं गाठायचं, विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसून हवं ते हातानं उतरवून घ्यायचं आणि रात्री परतायचं. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.ची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करणं बंधनकारक केलं आणि शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधभांडारावर देशभरचे प्रबंध घरबसल्या उघडू लागले. ज्यांनी तो प्रवास केला आहे, त्यांना याचं मोल सांगावं लागत नाही.

मग वाचनालय कशाला? विषय नाशिकचा असेल, मराठीतला असेल, तर सगळं चित्र पालटतं.

पांडवलेण्यांचंच घ्या. मुलं शोधचौकटीत 'पांडवलेणी' टाकतात आणि पर्यटनाच्या साइट वाचून परततात. त्या डोंगराला त्रिरश्मी म्हणतात आणि लेण्यांतल्या प्राकृत लेखांत त्याचं नाव 'तिरण्हु' आहे. ते लेख फ्रेंच अभ्यासक एमिल सेनार यांनी एपिग्राफिया इंडिका या कोरीव लेखांच्या नियतकालिकाच्या आठव्या खंडात छापले, पण तिथे शीर्षकात 'नासिकची लेणी' आहेत, आणि त्या नासिकच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'एस'नंतर 'एच' नाही. १८८३ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे सरकारी माहितीग्रंथाचा, सोळावा खंड आपल्याच जिल्ह्याचा. त्यात नासिकच्या स्पेलिंगमधल्या 'ए'वर तिरकी रेघ आहे, ती स्कॅन वाचणारं यंत्र कधी भलतंच अक्षर समजतं. मोगल काळातल्या नोंदी तर नाशिकला 'गुलशनाबाद' म्हणतात. हे सगळे खंड नेटवर फुकट आहेत, पण ज्याला ही नावं माहीत आहेत त्यालाच सापडतात. शोधचौकट तुम्हाला येणाऱ्या शब्दाचं उत्तर देते. न येणारा शब्द कुणीतरी सांगावा लागतो, आणि तो सांगणारा माणूस मला नेहमी वाचनालयाच्या टेबलापाशीच भेटला.

मराठी मजकुराची अडचण याहून मोठी. शोधगंगेवर मराठी प्रबंध आहेत, पण बरेचसे पानांचे नुसते फोटो आहेत, काही युनिकोडपूर्व, म्हणजे शोधयंत्राला न कळणाऱ्या जुन्या फॉन्टमधले. पडद्यावर वाचता येतात, शब्द टाकून आतला मजकूर सापडत नाही. शीर्षक रोमन अक्षरांतही टाकून बघा. २ मार्च १९३० ला सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहावर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजी मजकूर चटकन मिळतो; डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे सरकारी खंडही पीडीएफमध्ये आहेत. पण त्या काळची मराठी नियतकालिकं, स्मरणिका, दादासाहेब गायकवाडांसारख्या इथल्या कार्यकर्त्यांवरची छोटी पुस्तकं यातलं फार थोडं शोधचौकटीत येतं. फक्त नेटवर बसलात तर नाशिकचा सत्याग्रह इंग्रजीतूनच समजून घ्याल. मला याची खरंच काळजी वाटते.

१८४० मध्ये सुरू झालेल्या आपल्या वाचनालयात हवं ते पुस्तक नसलं तरी त्याच्या शेजारचं हाती लागतं, कारण एका विषयाची पुस्तकं एकत्र लावलेली असतात. गैरसोयीही सांगतो. वेळ ठरलेली, जुन्या पुस्तकांची पानं निखळलेली, एकच प्रत आणि ती कुणीतरी नेलेली. एका ग्रंथालयात मी एका अहवालासाठी चार शनिवार गेलो आणि शेवटी तो बांधणीला गेल्याचं कळलं. शोधप्रकल्पाला चारच महिने असतील तर हे परवडत नाही.

एआयबद्दल स्पष्ट बोलतो. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरात आलं, आणि त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या संदर्भयाद्यांत कधीच न छापलेली पुस्तकं दिसू लागली. लेखक खरा, प्रकाशन खरं, पुस्तक मात्र नाही. त्यामुळे संदर्भ त्याच्याकडून घेऊ नका. एखाद्या गावाच्या नावाची जुनी स्पेलिंगं, क्लिष्ट इंग्रजी परिच्छेदाचा सोपा अर्थ, मुलाखतीच्या प्रश्नांचा कच्चा आराखडा यासाठी मात्र ते उपयोगी पडतं. इंग्रजी मजकूर त्याच्याकडून मराठीत करून आपला म्हणून खपवणं हीसुद्धा चोरीच, तपासणीच्या सॉफ्टवेअरला ती दिसो वा न दिसो.

मोबाईलचा सर्वांत चांगला उपयोग मला वेगळाच वाटतो: मुलाखतींचं ध्वनिमुद्रण. पंचवटीतल्या जुन्या माणसांच्या आठवणी पूर्वी वहीत धावत्या अक्षरात उतरायच्या आणि निम्म्या सुटायच्या. आता परवानगी घ्या, फोन मध्ये ठेवा आणि समोरच्याकडे बघत ऐका.

तेव्हा विज्ञान आणि वैद्यक असेल तर पबमेड किंवा गूगल स्कॉलर, आणि ग्रंथपालांची भेट फक्त लेख उघडेना झाला की. भाषा, इतिहास, समाज आणि त्यातही नाशिक जिल्हा असेल तर पहिले दोन शनिवार वाचनालयाला द्या. त्या दोन दिवसांत पुस्तकं कमी वाचली तरी चालेल. विषयातल्या माणसांची, गावांची, ठिकाणांची जितकी जुनी-नवी नावं सापडतील तितकी एका पानावर लिहून काढा. तिसऱ्या शनिवारी ते पान शेजारी ठेवून लॅपटॉप उघडा.