टीसीडी करून आलो: तपासणीला पाच स्टार, रिपोर्टला दीड

आधी सांगून टाकते, पोराच्या मेंदूच्या नसांची ही तपासणी जिथं केली त्या सेंटरचं नाव लिहिणार नाहीये. नागपुरातलं आहे, तपासणी करणारा माणूस चांगला आहे आणि मला पुढच्या वर्षी परत तिथंच जायचंय, उगाच काउंटरवाल्या मॅडमशी दुश्मनी कशाला. पण ज्यांच्या घरी सिकलसेलचं, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या त्या रक्ताच्या आजाराचं पोट्टं आहे त्यांनी हे वाचाच.

माझा मुलगा सहा वर्षांचा, एसएस, म्हणजे आजार असलेला. मी आणि ह्याचे बाबा दोघंही एएस, म्हणजे नुसते वाहक. लग्नाआधी कोणी रक्त तपासलं नाही, आमच्याकडं तेव्हा पत्रिका बघायचे. असो. दुखणं, कावीळ, सलाईन, ह्या आजारावरची हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल, दर काही आठवड्यांनी सीबीसी म्हणजे रक्ततपासणी, हे सगळं अंगवळणी पडलंय. पण ह्या आजारात लहान मुलांना लकवा मारू शकतो हे मला पोरगा पाच वर्षांचा होईपर्यंत माहीतच नव्हतं!! लकवा म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा, बीपीवाल्यांचा, एवढंच डोक्यात. मग एका डॉक्टरांनी सांगितलं की वर्षातून एकदा टीसीडी करा, म्हणजे ट्रान्सक्रेनिअल डॉपलर, मेंदूच्या नसांमधून रक्त किती जोरात पळतंय ते मोजायचं. २ ते १६ वर्षांपर्यंतच्या एसएस मुलांसाठी.

जोरात पळालं तर चांगलंच ना, असं मीच विचारलं होतं. तर नाही. बागेतल्या पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी कसं जोरात उडतं, तसं. विळ्यासारख्या वाकड्या पेशी नसेच्या आतल्या अस्तराला खरवडत राहतात, नस आतून जाड होते, वाट अरुंद होते आणि तिथून रक्त सुसाट जातं. त्यात अंगात रक्त कमी, म्हणून मेंदूकडं तसाही जास्त जोराने पुरवठा चालू असतो. सेकंदाला १७० सेंटिमीटरच्या आत असलं तर ठीक, १७० ते २०० म्हणजे लक्ष ठेवा, आणि २०० च्या वर म्हणजे पोरगं हसत खेळत असलं तरी धोका मोठा.

तर आम्ही ब्रह्मपुरीहून पहाटेची एसटी धरली. पोराला सिकलसेलच्या सर्टिफिकेटवर तिकीट लागत नाही, मला अर्धं लागतं, प्रवास स्वस्तात. साहेब गाडीत बसल्या बसल्या झोपले ते सेंटरवर खांद्यावर टाकून नेईपर्यंत झोपलेलेच. मला वाटलं बरंच झालं, झोपेत गुपचूप तपासणी होईल. तपासणीवाले दादा म्हणाले, "ताई, उठवा त्याला, झोपेत नाही करत मी." मी म्हटलं काहून? तर म्हणे झोपेत श्वास मंदावतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, नसा फुगतात आणि आकडा खोटाच वर जातो, आणि रडून रडून धापा टाकत असला की उलटं, खोटाच खाली येतो. ताप असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल तरी नको म्हणाले. हे ऐकलं आणि माझा अर्धा जीव भांड्यात पडला, कारण पाट्या टाकणारा माणूस अशा वेळी झोपलेल्या पोरावर पटकन प्रोब फिरवून मोकळा झाला असता.

तपासणी बाकी काहीच नाही हो. सुई नाही, एक्सरेसारखे किरण नाहीत, अंधार्‍या बोगद्यात झोपवणं नाही. कानशिलापाशी हाड पातळ असतं, तिथं गार जेल लावायचं आणि पेनासारखा प्रोब धरायचा. १९८२ पासून ही पद्धत आहे म्हणे. मशीनमधून फुस्स फुस्स आवाज यायला लागला तर आमचं ध्यान म्हणतं, "आई, माझ्या डोक्यात कोणीतरी सायकलची हवा भरतंय." दादा पण हसले. दोन्ही बाजू मिळून अर्धा तास तरी लागला, डाव्या बाजूला नस सापडेना तर मिलिमीटर मिलिमीटर सरकवत बसले, कुठं घाई नाही. ह्या माणसाला पाच पैकी पाच.

आता काउंटर. १८०० रुपये घेतले, ठीक आहे. तासाभराने पाकीट हातात दिलं, उघडलं तर आत एक ओळ, "स्टडी नॉर्मल". बस्स! मी विचारलं मॅडम आकडे कुठायत? "नॉर्मल आहे म्हटलं ना ताई, अजून काय पाहिजे?" अहो, आकडाच पाहिजे, त्यासाठीच तर आलो ना एवढं १०० किलोमीटरच्या वर! ह्या वर्षी १५० आणि पुढच्या वर्षी १६८ आला तर दोन्ही कागदांवर नॉर्मलच लिहिणार, पण नस कुठल्या दिशेला चाललीये ते डॉक्टरला कळणार कसं? अर्धा तास डोकेफोड केली, शेवटी ते दादाच बाहेर आले आणि दुसरा रिपोर्ट काढून दिला. उजवीकडं १४२, डावीकडं १५१. आणि मशीन कुठलं ते पण लिहून घेतलं, कारण चित्र दिसणाऱ्या सोनोग्राफी मशीनवर हाच आकडा १० ते १५ टक्के कमी येतो असं तेच म्हणाले. म्हणजे तिथला १८० कधी कधी इकडचा २०० असू शकतो. तुम्ही पण दोन्ही लिहून घ्या, लाजू नका.

आकड्यासाठी एवढी भांडले कारण ह्या आकड्यावर खरंच मुलं वाचलीत. अमेरिकेत १३० मुलं घेतली होती, सगळ्यांचा आकडा २०० च्या वर, अर्ध्यांना दर महिन्याला रक्त चढवलं, अर्ध्यांना नेहमीचे उपचार. रक्तवाल्यांत एकाला लकवा, दुसऱ्या गटात अकरा जणांना. मग १९९७ मध्ये प्रयोग मुदतीआधीच थांबवला, म्हणजे उरलेल्या मुलांनाही रक्त देता यावं म्हणून. आणि रक्त चढवणं काही फुकटचं सुख नाही, एका पिशवीबरोबर २०० मिलिग्रॅमच्या वर लोह अंगात जातं आणि साठत बसतं. पुढं २०१६ मध्ये असं दिसलं की वर्षभर रक्त घेऊन झालेल्या, नसा फार खराब नसलेल्या मुलांना हळूहळू हायड्रॉक्सीयुरियावर आणता येतं. आमचं तर तेच औषध चालू आहे, म्हणून जरा धीर आला. पण मनाने गोळी बंद करू नका बरं, आमच्या शेजारच्या काकू सांगतात तसं "उष्ण पडते" म्हणून.

एक अजून. आपल्याकडच्या सिकलसेलमध्ये पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन जास्त शिल्लक राहतं, म्हणून आपल्या मुलांना त्रास कमी, हे मी पण ऐकलंय. विदर्भातल्या वॉर्डात एक रात्र काढून बघा म्हणते मी.

सरकारने २०२३ मध्ये सिकलसेलचं मोठं मिशन काढलं, गावोगाव रक्त तपासतात, ते चांगलंच आहे. पण आजार निघालेल्या पोराची टीसीडी तालुक्याच्या दवाखान्यात झाली तर माझी पहाटेची एसटी वाचेल.

सकाळची पहिली वेळ घ्या, नंतर गर्दी होते. पार्किंग नाही. पाण्याची बाटली घरूनच न्या, तिथला कूलर बंद होता आणि ह्या पोरांना तहानलेलं ठेवून चालत नाही. आणि जेल केसांत वाळलं की डिंकासारखं चिकटतं, आमचा परतीच्या गाडीत सगळ्यांना डोकं दाखवत होता, "बघा, माझ्या डोक्याची हवा चेक केली."