निसान वन टनचा सायलेन्सर : सोळा महिने, दोन प्रयत्न

लष्कराच्या लिलावातून फिरत फिरत माझ्याकडे आलेल्या निसान वन टन या जुन्या लष्करी ट्रकचा सायलेन्सर वरून शाबूत दिसत असे. तळाशी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तेव्हा तो मुठीपर्यंत आत गेला. अशा गाड्यांचे सायलेन्सर आतून कुजत येतात. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ लिटरभर पाणी तयार होते आणि गाडी रविवारी चार-पाच किलोमीटर फिरवून पुन्हा शेडमध्ये लावली, तर सायलेन्सर पुरता तापत नाही व ते पाणी आम्लासह तळाशी साचून राहते. गेल्या सोळा महिन्यांत मी दोन सायलेन्सर बसवले. पहिला पाच महिने टिकला, दुसरा अकरा महिन्यांपासून चालू आहे.

पहिल्या वेळी मी दुकानदाराच्या शब्दावर विसंबलो. त्याने दिलेला तयार सायलेन्सर २,२०० रुपयांचा होता आणि बसवल्यावर गाडी जागेवर इतकी गोड घुमत होती की मी खूश होऊन घरी आलो. पुढच्या आठवड्यात कसारा घाट चढताना खरा प्रकार कळला. चार स्ट्रोकच्या सहा सिलिंडर इंजिनात प्रत्येक फेरीला तीन स्फोट होतात, म्हणजे मिनिटाला २,००० फेऱ्यांवर सेकंदाला १०० ठोके. नेमक्या त्याच वेगावर केबिनमध्ये असा घुमारा उठे की शेजारच्या माणसाशी बोलता येत नसे. मोजले तर त्या डब्याचे आकारमान जेमतेम सहा लिटर निघाले आणि इंजिन आहे ३,९५६ सीसीचे. जुना कुजलेला डबा सुमारे १५ लिटरचा, म्हणजे इंजिनाच्या जवळपास चौपट होता. हे माप मी आधी घ्यायला हवे होते. पाचव्या महिन्यात डब्याची शिवण उकलली आणि प्रश्न आपोआप निकालात निघाला.

दुसऱ्या वेळी मी घाई केली नाही. जोंगा या लष्करी जीपलाही हेच इंजिन असल्यामुळे तिचा सायलेन्सर वापरण्याचा सल्ला अनेकांनी दिला. तो अगदीच चुकीचा नाही, कारण बाहेर पडणारा धूर तेवढाच असतो. मात्र चॅसी निराळी असल्याने पाइपची वळणे आणि टांगण्याच्या जागा जुळत नाहीत आणि शेवटी वेल्डिंग करावेच लागते. भंगार बाजारात एक न वापरलेला, लष्करी हिरवा रंग असलेला नग मिळाला होता, पण तो हलवताच आतून गंजाचे पापुद्रे खुळखुळले. न वापरलेला आणि नवा यांत फरक असतो.

अखेर ४०९ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा घेऊन डबा बनवून घेतला. वेल्डर ३०४ घ्या म्हणून मागे लागला होता. तो पत्रा चमकतो, गंजतही कमी. पण महाग असतो आणि तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा बराच जास्त पसरतो, त्यामुळे जुन्या लोखंडी पाइपला जोडल्यावर सांध्यावर ताण येतो. चुंबक चिकटला म्हणजे स्टेनलेस नाही, हा आपल्याकडचा लाडका समज ४०९ला लागू पडत नाही. त्याला चुंबक चिकटतोच. म्हणून पत्रा घेताना कारखान्याचा चाचणी दाखला मागून घेतला. आत तीन कप्पे आणि छिद्रे पाडलेल्या नळ्या आहेत. काचेची लोकर मी मुद्दाम टाळली, कारण क्वचित चालणाऱ्या गाडीत ती ओली होऊन बसते आणि पुढे जळून उडून गेली की आवाज वाढतो.

पाइपचा व्यास मात्र प्रत्येकाने व्हर्नियरने स्वतः मोजावा. माझ्या गाडीवर आधीच्या कुणा मालकाने पाइप बदलला होता. तो बाहेरून ५१ मिलिमीटर भरला. त्याहून मोठ्या व्यासाचा पाइप घातल्याने या कमी दाबाच्या इंजिनाची ताकद वाढेल, अशी आशा बाळगू नये.

बांधणीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट टांगण्याची आहे. इंजिन रबरावर डुलते, चॅसी खाचखळग्यांत पिळते आणि डबा मधल्या मध्ये घट्ट वेल्ड केलेला असला, तर सगळा मार मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळीच्या) फ्लॅन्जवर, म्हणजे जोडाच्या कडेवर येतो. मी डबा रबरी पट्ट्यांवर टांगला आणि त्याच्या पुढे फ्लेक्सिबल पाइपचा तुकडा जोडला. धुराचे तोंड शेवटच्या बाकाच्या मागे, बाजूला काढले आहे, कारण ताडपत्रीच्या गाडीमागे हवेचा भोवरा तयार होऊन मागचा धूर आत ओढला जातो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सगळे मिळून ११,४०० रुपये गेले. अकरा महिन्यांत सुमारे २,३०० किलोमीटर झाले आणि त्यात इगतपुरीचा एक पूर्ण पावसाळा आला. केबिनमधला घुमारा गेला आहे. घाटात तिसऱ्या गियरवर साध्या आवाजात बोलता येते. पिकअप किंवा मायलेज यांत मला काडीचाही फरक जाणवला नाही. डब्यावर तांबूस छटा आली आहे, पण ४०९वर ती यायचीच. तळाशी बोटाने ठोकल्यास पत्रा अजून खणखणीत वाजतो. तक्रार एकच आहे. पाणी निघून जावे म्हणून डब्याच्या सर्वांत खालच्या जागी ३ मिलिमीटरचे छिद्र ठेवले होते, ते आषाढात चिखलाने बुजले आणि मला श्रावण संपेपर्यंत पत्ता लागला नाही. तार घालून ते मोकळे केले तेव्हा पेलाभर काळे पाणी माझ्या बाहीवर आले.