मधपेट्यांजवळ लहरीमापक: घ्यावा की न घ्यावा?

मोबाइलच्या लहरींनी मधमाश्यांवर परिणाम होतो का, हा प्रश्न मधपाळ एकत्र जमले की हमखास निघतो आणि आता त्या काळजीच्या आधारावर लहरीमापकांची विक्रीही होऊ लागली आहे. आमच्या सातेरीच्या (भारतीय मधमाशीच्या) पेट्या ज्या माळावर आहेत तिथून टॉवर स्पष्ट दिसतो, म्हणून हातात धरून वापरायचा असा एक मापक मी विकत घेतला आणि एका फुलोऱ्याच्या हंगामात पेट्यांभोवती वापरून पाहिला.

मापक तीन-अक्षी आहे, म्हणजे लहरी कोणत्याही दिशेने आल्या तरी तो फिरवत बसावे लागत नाही. एक-अक्षी स्वस्त मापकात ही सोय नसते. मोजमापाची कक्षा 50 मेगाहर्ट्‌झ ते 3.5 गिगाहर्ट्‌झ अशी असल्याने मोबाइल सेवेचे 900 आणि 1800 मेगाहर्ट्‌झचे पट्टे त्यात येतात, पण फाइव्ह-जीसाठीच्या 26 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याचे मोजमाप त्यावर होणार नाही. माहितीपत्रकात अचूकता अधिक-उणे 3 डेसिबल दिली आहे, याचा अर्थ खरे मूल्य दाखवलेल्या आकड्याच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत कुठेही असू शकते. आकडा क्षणाक्षणाला बदलत असल्याने सरासरीचे बटण दाबूनच नोंद घ्यावी. रिकाम्या पेटीत मापक ठेवला तर झाकण लावल्यावर पडदा दिसत नाही. तेव्हा कमाल आकडा धरून ठेवणारी सोय फार उपयोगी पडली.

भारतात 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या लहरींसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. 900 मेगाहर्ट्‌झला ती दर चौरस मीटरला 0.45 वॅट भरते. आमच्या माळावरचा आकडा तिच्या खूपच खाली राहिला. ही मर्यादा मात्र माणसाचा विचार करून ठरवलेली आहे, माशीचा नव्हे, हे विक्रेत्याने सांगायला हवे होते असे मला वाटते.

या यंत्राने सर्वांत चांगले काय दाखवले असेल, तर अंतराचे महत्त्व. बोलणे चालू असलेला फोन मापकाला खेटून धरला की आकडा एकदम चढतो आणि दोन पावले मागे सरकले की झपाट्याने कोसळतो. ज्या प्रयोगांच्या बातम्या गाजल्या ते याच उजेडात वाचावे लागतात. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातील संशोधकांनी 2010 मध्ये चालू फोन थेट पेटीत ठेवले आणि राणीचे अंडी घालणे घटल्याचे नोंदवले. वसाहती मात्र मोजक्याच होत्या. स्वित्झर्लंडमध्ये संशोधक डॅनियल फाव्र यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातही फोन पेटीतच होते. सुमारे अर्ध्या तासाने कामकरी माश्या पिपाणीसारखा आवाज काढू लागल्या. हा आवाज वसाहत उठण्याचा किंवा बिथरल्याचा इशारा असतो, पण वसाहत उठून गेली नाही. 2019 च्या एका जर्मन अभ्यासात वाढीच्या काळात लहरी सोसलेल्या राण्या कमी संख्येने बाहेर पडल्या. ज्या बाहेर पडल्या त्यांच्या मीलनात मात्र फरक आढळला नाही. म्हणजे फोन पेटीत असताना काहीतरी घडते असे मानायला जागा आहे. दूरच्या टॉवरने वसाहती मरतात, हा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

माशी आजारी आहे का, हे तर हा मापक सांगूच शकत नाही. 1991-92 मध्ये पिल्लांना मारणाऱ्या थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुसंख्य वसाहती संपवल्या, तेव्हा देशात मोबाइल सेवाच नव्हती; पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 रोजी झाला. पेटी ओस पडू लागली की आधी पिल्लांच्या चौकटी, मेणकिडा, साठवलेला मध आणि शेजारच्या शेतातली फवारणी तपासावी लागते, आणि त्या कामी मापकाचा काडीचाही उपयोग नाही.

मधपाळ संघ किंवा प्रशिक्षण केंद्राने सामायिक वापरासाठी एक मापक जरूर घ्यावा, कारण चित्रीकरणासाठी चालू फोन पेटीच्या झाकणावर ठेवणाऱ्याला हा चढता आकडा दाखवला की वेगळे समजवावे लागत नाही. दहा-वीस पेट्या असणाऱ्याने तेच पैसे चांगल्या चौकटी आणि पावसाळ्यातल्या साखरपाण्यासाठी राखावेत. मापकासोबत विक्रेता माथी मारतो ती, पेटीभोवती लावायची लहरीरोधक जाळी तर घेऊच नये. माश्यांना ये-जा करायला तिच्यात वाट ठेवावीच लागते आणि चरायला गेलेली माशी त्याच मोकळ्या माळावर असते.